वडिलांच्या पायाच्या डॉप्लर रिपोर्टमध्ये 'मोनोफेजिक फ्लो' लिहिलंय, म्हणजे नस बंद आहे का?

नाही. डॉप्लर म्हणजे आवाजाच्या लहरींनी रक्ताचा वेग मोजायची तपासणी, आणि मोनोफेजिक म्हणजे तिच्या आलेखावरची लाट एकाच दिशेची. एवढ्या एका शब्दावर नस बंद ठरत नाही, आणि आपल्या खान्देशात त्यावरून घरच्यांना घाबरवून अँजिओग्राफीला पाठवतात, याचा मला मनापासून राग आहे.

तुमच्या वडिलांना शुगर आहे, केळीच्या बागेत जखम होऊन पाय लाल झालाय, सुजलाय. मग आधी लाटेचा चढ बघायला हवा. निरोगी पाय विसावलेला असताना रक्त जोरात पुढे जातं, क्षणभर उलटं फिरतं, मग जरासं पुढे सरकतं; स्नायूंकडचा रोध जास्त असल्यामुळे असं होतं. संसर्ग झाला की बारीक नसा सैलावतात, रोध उतरतो आणि उलटा भाग जातो. लाट मोनोफेजिकच, पण चढ उभा आणि टोक अणकुचीदार. हा वाढलेला प्रवाह आहे. वरच्या बाजूला अडथळा असेल तर त्याच्या खाली चढ तिरका होतो, टोक गोलसर होतं, वेग पडतो. दोन्हींना एकच शब्द लावून सही मारली, तर तो रिपोर्ट अर्धाच. सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर मेडिसिन आणि सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड यांनी 2020 मध्येच सांगितलंय, की रोध जास्त की कमी हेही लिहा.

मे महिन्याच्या उन्हात यावलहून एसटीने आलेला, स्टँडवरून चालत आलेला पेशंट लगेच टेबलावर घेतला तरी उलटा भाग पुसट होतो. दहा-पंधरा मिनिटं पडू द्यावं. वॉल फिल्टर, म्हणजे मशीनमधली मंद वेग गाळून टाकणारी सोय, चढा ठेवला तरी तेच.

अडथळा किती, हे वेगाच्या गुणोत्तरावर ठरतं: अरुंद जागेचा सर्वोच्च वेग भागिले त्याच्या जरा वरच्या भागातला वेग. 2 च्या पुढे गेलं तर नसेची रुंदी निम्म्याहून जास्त घटलेली, 4 च्या पुढे सुमारे 75 टक्के. 'स्क्रीनवर नसेत रंग भरला की झालं' म्हणणाऱ्यांना मी कायम विरोध केलाय. आवाजाचा किरण आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला अँगल 60 अंशांच्या आत हवा, आणि त्याची रेघ नसेच्या भिंतीला समांतर धरायलाच हवी. खरा 70 असताना 75 लावला तर वेग 32 टक्के फुगतो आणि नसलेला अडथळा कागदावर उगवतो. तुमच्या फोटोंवर अँगल आणि वेगाचे आकडे नसतील, तर तपासणी पुन्हा करून घ्या.

मात्र शुगरमध्ये संसर्ग आणि अडथळा एकत्रही असतात. घोट्याला मोजलेल्या रक्तदाबावर विसंबू नका. कॅल्शियमने कडक झालेली नस दबत नाही, आकडा खोटा चांगला येतो. पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर पडला तर डॉप्लरचा विचार सोडा, ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या. ताप असेल किंवा लाली वर सरकत असेल, तर जखमेवरचे उपचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवेत.