इंग्लंडमधील एका खेड्याचा इतिहास आणि तिथला गावगाडा: लॅक्स्टन

इंग्लंडमधील एखाद्या खेड्याचा इतिहास आणि तिथला गावगाडा समजून घ्यायचा असेल, तर कोणते गाव पाहावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे आहे, कारण इतर गावांत जो इतिहास चर्चच्या भिंतींत आणि दप्तरांत उरला आहे, तो इथे दर वर्षी नांगरला आणि पेरला जातो.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात गावाची शेती दोन-तीन विस्तीर्ण, विनाकुंपणाच्या शेतांत होत असे आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला त्या शेतांतून विखुरलेले लांबट पट्टे येत, जेणेकरून चांगली-वाईट जमीन सर्वांना सारखी मिळावी. पुढे संसदेने एकामागून एक कायदे केले आणि या जमिनी कुंपणे घालून वेगवेगळ्या मालकांच्या ताब्यात दिल्या. 1604 ते 1914 या काळात असे 5,200हून अधिक कायदे झाले आणि इंग्लंडच्या सुमारे एक पंचमांश भूमीचे रूप त्यांनी पालटले. लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपण पडले, पण गावातील दोन मोठ्या जमीनदारांचे जमिनींच्या अदलाबदलीवर दीर्घकाळ एकमत होईना, आणि त्या रेंगाळण्यातच वेस्ट फील्ड, साउथ फील्ड व मिल फील्ड ही तीन शेते वाचली.

तिथली व्यवस्था तीन वर्षांच्या फेरपालटीवर चालते. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, आणि तिसरे पूर्वी पडीक ठेवले जाई. आता त्यात गवत किंवा चारा घेतात. पट्ट्यांमध्ये कुंपण नसते, त्यामुळे बांध कोरण्याचा मोह आपल्याकडे जितका ओळखीचा आहे तितकाच तिथेही आहे, आणि त्यावर नजर ठेवण्याची त्यांची रीत मला या गावातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातील शेतकऱ्यांचीच ज्यूरी, म्हणजे पंचमंडळ, गव्हाच्या शेतावर फिरते, पट्ट्यांच्या हद्दी तपासते, जागोजागी खुंट्या ठोकते आणि कोणी नांगर सार्वजनिक वाटेवर किंवा सामायिक गवतावर नेला असेल तर त्याची नोंद करते. आठवडाभराने डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये मॅनरचे, म्हणजे जुन्या जमीनदारीचे न्यायालय भरते, ज्याला कोर्ट लीट म्हणतात, दंड ठरतो आणि पुढील वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. दंडाची रक्कम किरकोळ असते. पण शेजाऱ्यांसमोर आपले नाव वाचले जाणे ही गोष्ट किरकोळ नसते, आणि आज दंड ठरवणारा माणूस उद्या स्वतःही तपासला जाणार असतो. 1977च्या कायद्याने देशातील बहुतेक मॅनर न्यायालयांचे अधिकार संपवले, तरीही लॅक्स्टनच्या न्यायालयाचे काम चालू राहिले.

नांगराला न येणाऱ्या ओलसर सखल पट्ट्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. तिथले गवत दर उन्हाळ्यात लिलावाने विकले जाते, आणि शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे त्या पट्ट्यांत जी रानफुले टिकली आहेत त्यांच्यासाठी ते संरक्षित आहेत. शेतकऱ्यांची घरे मात्र शेतात नसून गावातच, रस्त्याच्या दुतर्फा आहेत, म्हणजे आपल्या गावठाणासारखीच. जमिनींना कुंपणे पडली की शेतकरी आपल्या एकवट जमिनीवर घर बांधून गाव सोडत; इथे तसे होण्याचे कारणच उरले नाही.

1635 साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा अत्यंत तपशीलवार नकाशा काढला, जो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा आहेच, शिवाय शेतात राबणारी माणसे आणि जनावरेही रेखाटली आहेत. तो काढवून घेणारा गावाचा मालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी होता. ईस्ट इंडिया कंपनीशी स्पर्धा करण्यासाठी त्याच्या मंडळींनी राजा पहिल्या चार्ल्सकडून परवाना मिळवला, 1636मध्ये त्यांची जहाजे गोव्याकडे निघाली आणि 1638मध्ये मिरीच्या व्यापारासाठी त्यांनी कारवारला वखार घातली. एका इंग्रज खेड्याच्या मोजणीचा आणि आपल्या किनाऱ्याचा असा संबंध असेल हे मला फार विलक्षण वाटते.

जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा गावाच्या उत्तरेला अजून आहे, आणि 1995मध्ये गावाजवळ होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, स्मारक-केंद्र सुरू झाले. तेही अवश्य पाहावे. मालकीच्या बाबतीत गेली सत्तर वर्षे बदलांची ठरली: 1952मध्ये ही पद्धत टिकावी म्हणून गावाचे जमीनदार अर्ल मॅनव्हर्स यांनी गाव कृषी मंत्रालयाला विकले, 1981मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, गेले आणि 2020मध्ये थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांच्या मालमत्तेने, ते परत घेतले. या सगळ्या फेरबदलांत ज्यूरी आणि न्यायालय यांचा क्रम सुरू राहिला. आपण जाणार असाल तर नोव्हेंबरअखेरचा तपासणीचा दिवस साधावा. ते जमले नाही, तर जूनमध्ये साइकांवर फुले असताना पायवाटांनी तिन्ही शेते फिरून यावीत.