हवेतली धूळ कोणाची?

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर हवा मोजणारं छोटं सेन्सर यंत्र बसवलं आहे. एका बाजूला आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट, समोर रहदारीचा रस्ता. आकड्यांवरून दोष कोणाचा ते सांगता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थेट नाही. लेझरचा उजेड कण किती विखुरतात, त्यावरून हे यंत्र वजनाचा अंदाज बांधतं. कण सिमेंटचा की डिझेलचा, हे त्याला कळत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. जाड धूळ तर त्याच्या नजरेला नीट पडतच नाही; पडद्यावरचा ‘पीएम १०’ (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) बहुतांशी बारीक कणांवरूनच काढलेला असतो. म्हणजे प्लांटचा मुख्य माल नेमका निसटतो.

तरी वेळ आणि वारा यांची साक्ष काढता येते. तासातासाची सरासरी घ्या आणि शेजारी वाऱ्याची दिशा व वेग लिहा. वारा प्लांटकडून असताना आकडा चढतो, प्लांटच्या सुट्टीच्या दिवशी त्याच दिशेच्या वाऱ्यात चढत नाही, असं महिनाभर दिसलं तर संशयाला आधार आहे. वाऱ्याचा वेग वाढला की रस्त्यावरचा धूर पातळ होतो, उघड्या ढिगाची धूळ मात्र उडते. हिवाळ्यातल्या सकाळी सातआठच्या आकड्यावर विसंबू नका. जमिनीलगत थंड हवेचा थर अडकलेला असल्याने तेव्हा सगळ्यांचंच प्रदूषण साचून दिसतं, फक्त ऑफिसला निघालेल्या गाड्यांचं नव्हे.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मुंबईत पीएम २.५ चे (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे) स्रोत शोधायचे आहेत. फिल्टर कोणते, किती आणि कसे घ्यावेत? (एक विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : एका फिल्टरवर भागत नाही. ४७ मिमीचे दोन लागतात, शेजारी शेजारी दोन सॅम्पलरांत (हवा ओढून फिल्टरमधून सोडणाऱ्या यंत्रांत), एकाच वेळी. टेफ्लॉनचा वजन आणि मूलद्रव्यांसाठी, क्वार्ट्झचा कार्बन आणि क्षारांसाठी. क्वार्ट्झ म्हणजेच सिलिका, त्यामुळे मातीचं सिलिकॉन त्यावर मोजता येत नाही, शिवाय त्याचे तंतू झडून वजन फसतं. टेफ्लॉनमध्ये मुळातच कार्बन, म्हणून तिथे कार्बनचं मोजमाप अडतं.

मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढली तर २४ तासांत २४ घनमीटर होते. हवा आपल्या २४ तासांच्या मर्यादेवर, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमवर असेल, तर फिल्टरवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम बसतं. तेव्हा तराजू १ मायक्रोग्रॅम दाखवणारा हवा, आणि नमुन्याआधीच्या व नंतरच्या, दोन्ही वजनांपूर्वी फिल्टर ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवायला हवा. क्वार्ट्झ आधी भट्टीत ५००-५५० अंशांवर काही तास भाजून घ्या, नाहीतर त्याने आधीच शोषलेली सेंद्रिय वाफ तुमच्या खात्यात येईल. दर दहा नमुन्यांमागे एक कोरा फिल्टर जागेवर नेऊन, हवा न ओढता परत आणा. प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासा. फिल्टर काढला की लगेच फ्रीझरमध्ये. अमोनियम नायट्रेट उन्हाळ्यात तर नमुना चालू असतानाच उडायला लागतं.

मग ठसे, म्हणजे प्रत्येक स्रोताची ओळख पटवणारे रासायनिक घटक, ओळखायचे. लेव्होग्लुकोसन हा साखरेसारखा पदार्थ फक्त सेल्युलोज जळून येतो, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा. सोडियम-क्लोराइड समुद्राचं, पण क्लोराइड सोडियमच्या १.८ पटीहून बरंच जास्त निघालं तर जळणाऱ्या कचऱ्याकडे पाहा. व्हॅनेडियम आणि निकेल जोडीने आले तर फर्नेस ऑइल किंवा जहाजं. मात्र जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.५ टक्के झाली आणि त्याबरोबर व्हॅनेडियमही घटलं. जुना ठसा वापरलात तर जहाजांचा वाटा कमी निघेल. मातीचा ठसाही परदेशी यादीतून उचलू नका. आपली माती बेसाल्टची, लोह आणि टायटॅनियमने भरलेली. स्थानिक रस्त्यावरची धूळ स्वतः झाडून तपासून घ्या.

शेवटी गणित, म्हणजे मोजलेलं वजन स्रोतांत वाटणं. त्याच्या दोन पद्धती : सीएमबी (केमिकल मास बॅलन्स) आणि पीएमएफ (पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन). सीएमबीला स्रोतांचे ठसे आधी द्यावे लागतात. पीएमएफ ते आकड्यांतून स्वतः काढतं, पण त्याला साधारण शंभर नमुने हवेत. एका हिवाळ्याच्या तीस फिल्टरवर ते चालवण्याचा मोह टाळा. सीएमबीत गणिताची जुळणी किती चांगली ते सांगणारे आकडे, आर-वर्ग ०.८ च्या वर आणि काय-वर्ग ४ च्या आत, आणि हिशेबात आलेलं वजन मोजलेल्या वजनाच्या ८० ते १२० टक्के असावं. रस्त्याची धूळ आणि माती वेगळी निघत नसेल तर खुशाल एकत्र दाखवा, ते जास्त प्रामाणिक.

प्रश्न : दिवाळीच्या आठवड्यात पोटॅशियम खूप सापडलं. शेकोट्यांमुळे का?

उत्तर : पोटॅशियम लाकडाच्या धुरातही असतं, पण इथे बहुधा फटाके. त्यांच्या दारूतच पोटॅशियम नायट्रेट असतं. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम सोबत वाढलेत का ते पाहा. ते दिवस मुख्य हिशेबातून वेगळे काढा, नाहीतर पीएमएफ सगळ्या वर्षाचा ‘लाकडाचा धूर’ बिघडवतं.

प्रश्न : एक अहवाल रस्त्याच्या धुळीला मुख्य दोषी ठरवतो, दुसरा वाहनांना. खरं कोण?

उत्तर : दोन्ही असू शकतात. आधी पाहा, अहवाल पीएम १० चा की पीएम २.५ चा. धूळ जाड आणि जड, म्हणून पीएम १० च्या वजनात तीच भाव खाते. बारीक कणांत ज्वलनाचा वाटा वर येतो. मग ‘दुय्यम कण’ कुठे टाकलेत ते शोधा. सल्फेट-नायट्रेट बहुतांशी हवेतच तयार होतं, गंधकाचे व नायट्रोजनचे वायू आणि अमोनिया मिळून. त्याचा वेगळा रकाना केला तर वाहनं आणि वीजकेंद्रं लहान दिसतात; त्यांच्याच नावावर टाकला की फुगतात.