‘मॅडम, माझं सिबिल खराब झालंय’

हे वाक्य माझ्यासमोर बहुतेक जण मान खाली घालूनच बोलतात. वाळूजच्या एका कारखान्यात कामाला असलेला हा तरुणही तसाच. घरासाठी कर्ज मागितलं, बँकेने सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, ६१४ बघून नकार दिला. “आता आयुष्यात कधीच कर्ज मिळणार नाही का?” हे त्याच्या बायकोने विचारलं. तो गप्प होता.

मी आधी रिपोर्ट काढायला लावला. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घटत नाही. त्यात प्रत्येक कर्जापुढे महिन्यांची रांग असते. हप्ता वेळेवर गेला तर ०००, नाहीतर थकलेले दिवस. त्याच्या मोटरसायकलच्या कर्जापुढे ०२६, ०२५, ०२६.

पगार १० तारखेला, हप्ता ५ तारखेला. खात्यात पैसे नसायचे, हप्ता बाउन्स व्हायचा, वर दंड. मग पगार आला की भाडं, किराणा, मुलाची फी, आणि राहिलेला हप्ता पुढच्या महिन्यावर. बेफिकिरी कुठेच नव्हती, पाच दिवसांचा फरक होता! कर्ज देणाऱ्या कंपनीकडे अर्ज करून हप्त्याची तारीख १२ करून घेतली. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम हेच झालं.

क्रेडिट कार्डाचे ३८ हजार थकले होते. वसुलीवाला म्हणत होता, वीस हजारांत मिटवून टाका. अशाने खातं बंद होतं, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढची बँक त्यातून पूर्ण पैसे आले नाहीत एवढंच वाचते. घरात चूल पेटायची मारामार असेल तर मी सेटलमेंटला नाही म्हणत नाही. इथे मात्र बायकोची भिशी लागायची होती. तिने ती दिली. पूर्ण रक्कम भरली, ‘काही येणे नाही’ असं पत्र घेतलं.

एक एजंट १५ हजारांत सिबिल ‘साफ’ करून देणार होता. त्याला थांबवलं. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि चुकीची दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. टीव्हीचं फिटलेलं कर्ज रिपोर्टमध्ये चालू दिसत होतं, त्याची तक्रार ब्युरोकडे ऑनलाइन केली. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती वेळ आली नाही, चौथ्या आठवड्यात नोंद सुधारली.

चौदा महिन्यांनी स्कोअर ७२१ झाला. जुने ०२६ अजून रिपोर्टमध्ये आहेत, पण त्यांच्या अलीकडे ००० ची सलग रांग लागली आहे. घराचा अर्ज दिवाळीनंतर करायचा आणि तोवर दुसरीकडे कुठेही कर्जाची चौकशी टाकायची नाही, असं दोघांनी ठरवलं आहे.