भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर पायी चालत जावं लागेल असा, न बिघडलेला किनारा आहे का? आईबाबांना झेपेल का?

आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर, पूर्वेकडच्या ओरोसेईच्या आखातात काला गोलोरित्झे नावाचा छोटासा किनारा आहे. गाडीरस्ता नको, हॉटेल नको, किनाऱ्यावर बोटींची रांग नको, या तुमच्या तिन्ही अटींत तो बसतो. मी उत्तर इटलीत राहते, सुट्टी मिळाली की सार्डिनियाला जाते, आणि या बेटावर मी सगळ्यात जास्त जीव लावलेली जागा हीच. आईबाबांचं जरा वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी तो न बिघडलेला कसा राहिला ते सांगते, कारण तिथे कसं जायचं हे त्यावरूनच ठरतं. किनारा बाउनेई या डोंगरातल्या गावाच्या हद्दीत येतो. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 480 मीटर उंचीवर. त्याच्याही वर गोल्गोचं पठार आहे आणि तिथून चुनखडीचे कडे थेट समुद्रात उतरतात. या कड्यांमधून शतकानुशतकं फक्त शेळ्या, गुराखी आणि कोळसा पाडणारे लोक फिरले. आजच्या कित्येक पायवाटा त्यांच्याच. गोलोरित्झेपर्यंत रस्ता कधी नेलाच नाही. सार्डिनिया प्रांताने 1993 साली त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि इंजिनाच्या बोटींना किनाऱ्याला लागायला बंदी आहे. पर्यटकांच्या बोटी दूर पाण्यातच थांबतात. त्यातल्या लोकांना किनारा दिसतो, पाय मात्र टेकता येत नाही.

मला विशेष वाटतं ते हे की किनारा वयाने अगदी लहान आहे. 1962 साली वरून दरड कोसळली आणि त्या दगडांतून तो तयार झाला. वाळू जवळजवळ नाहीच, पांढरे गुळगुळीत गोटे आहेत. म्हणून पाणी इतकं स्वच्छ दिसतं, पाय टाकला तरी गढूळ होत नाही. शिवाय वरच्या डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली येऊन किनाऱ्याजवळ समुद्रातच फुटतं. पोहताना कोमट पाण्यात मध्येच एक थंडगार पट्टा लागतो तो या गोड्या पाण्याचा. उजव्या हाताला समुद्रात उतरलेली दगडी कमान आहे आणि डोक्यावर 143 मीटर उंचीचा सुळका. त्याला अगुल्या म्हणतात. सकाळी लवकर पोचलात तर त्यावर चढणाऱ्या गिर्यारोहकांचे आवाज खालपर्यंत ऐकू येतात.

आता वाट. बाउनेईतून नागमोडी चढाच्या रस्त्याने पठारावर यायचं. इथे स्वतःची किंवा भाड्याची गाडी असलेली बरी. पठारावर सु पोर्तेद्दू नावाच्या ठिकाणी गाडी लावायची, तिथे एक छोटं खाण्यापिण्याचं ठिकाण आहे. तिथून वाट सुरू होते. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, उतार सुमारे 470 मीटर. सुरुवातीला थोडी चढण, मग सगळा उतार. वाट ठळक आहे, चुकायची भीती नाही, पण सुट्या दगडांची आहे. चपला किंवा सँडल घालून कृपा करून उतरू नका, पकड असलेले बंद बूटच हवेत. मधल्या टप्प्यात ओकची जुनी झाडं आहेत, त्यांच्या सावलीतून चालताना अंगाला गारवा लागतो. एका ठिकाणी कड्याच्या पोटात गुराख्यांचं जुनं आसऱ्याचं ठिकाण दिसतं, ज्युनिपरच्या वाळलेल्या खोडांनी आडोसा केलेलं. तिथे दोन मिनिटं थांबा. इथली माणसं कशी जगली ते त्या लाकडांकडे बघून कळतं.

तुम्ही सह्याद्रीत फिरला असाल तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गडावर आपण सकाळी ताज्या दमात चढतो आणि दमलेले असताना उतरतो. इथे बरोबर उलटं आहे. सकाळी हसतखेळत तासाभरात खाली पोचता आणि मग पोहून, उन्हात पडून अंगातलं त्राण गेल्यावर साडेचारशे मीटर चढायचं असतं, तेही दुपारी. परतीला दीड तास धरा, उन्हाळ्यात जास्तच. खाली प्यायचं पाणी नाही, दुकान नाही, शौचालय नाही. माणशी दोन लिटर पाणी पोहण्याच्या दिवसासाठी आणि शिवाय एक लिटर फक्त चढाईसाठी वेगळं ठेवा. ती बाटली खाली उघडायचीच नाही. फोनला रेंज भरवशाची नाही.

सकाळी लवकर निघा असं सांगण्याचं आणखी एक कारण. किनाऱ्याचं तोंड पूर्वेला आहे आणि मागे उंच कडा. त्यामुळे सकाळी पाणी उजळून निघतं आणि दुपार कलली की कड्याची सावली हळूहळू किनाऱ्यावर सरकते. तीच निघायची वेळ समजा. वाराही बघून घ्या. वायव्येचा मिस्त्राल सुटला तर कड्यामुळे इथे आडोसा मिळतो, पण पूर्वेचा वारा असेल तर लाटा सरळ गोट्यांवर आपटतात आणि पाण्यात उतरणं धोक्याचं होतं. तशा दिवशी वर पठारावरच फिरा. तिथे सान पिएत्रोचं पांढरं जुनं चर्च आहे आणि जवळच सु स्तेर्रू नावाची, पावणेतीनशे मीटरच्या आसपास खोल असलेली उभी विहीरवजा दरी. कुंपणाबाहेरूनच बघायची.

दिवसाला 250 माणसांनाच खाली सोडतात. माणशी काही युरो शुल्क आहे आणि मोसमात आधी ॲपवरून जागा राखून ठेवावी लागते. 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्तम 50 किनाऱ्यांच्या एका गाजलेल्या यादीत हा पहिला आला, तेव्हापासून जागा लवकर संपतात. वेळा आणि शुल्क दरवर्षी बदलतं, निघण्याआधी बाउनेईच्या नगरपालिकेची माहिती बघा. काही जणांना ही मर्यादा जाच वाटते. मला ती अगदी योग्य वाटते, खरं तर ऑगस्टमध्ये इतकीशी जागा 250 जणांनाही कमीच पडते. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळाच. मे अखेर ते जून मध्य, किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. सप्टेंबरमध्ये पाणी जास्त उबदार असतं आणि कड्यांवर एलिओनोरा ससाणे दिसतात. हा पक्षी मुद्दाम उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लं वाढवतो, कारण तेव्हा युरोपातून दक्षिणेकडे जाणारे छोटे पक्षी त्याला समुद्रावर सापडतात. पिल्लं उडायला लागली की हे ससाणे स्वतः मादागास्करला जातात.

एक कळकळीची विनंती. गोटे उचलून आणू नका, एकही नाही. 2017 च्या प्रांतिक कायद्यानुसार सार्डिनियातून वाळू, गोटे, शिंपले नेल्यास 500 ते 3000 युरो दंड आहे आणि विमानतळावर सामानात ते पकडतात. पण दंडाचं सोडा. एका दरडीतून जेवढे आले तेवढेच हे गोटे, वरून पुरवठा होत नाही.

भारतातून थेट विमान नाही. रोम किंवा मिलानहून कालियारी किंवा ओल्बियाला या, दोन्हीकडून बाउनेई गाडीने अडीच तासांच्या आसपास. रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून रात्रीची बोटही आहे. गाडी चालवायची तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. जेवणाची काळजी करू नका, या भागातले कुलुर्जोनेस, म्हणजे सारण भरलेला पास्ता, शाकाहारी असतात: आत बटाटा, पेकोरीनो चीज आणि पुदिना, आणि कडेला करंजीला घालतो तशी सुंदर मुरड. फक्त चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो जनावराच्या पोटातला पदार्थ, घरात कुणी त्याबाबतीत काटेकोर असेल तर आधीच सांगून ठेवा.

आता आईबाबा. वय मला महत्त्वाचं वाटत नाही, गुडघे महत्त्वाचे. सिंहगडाची पायवाट ते अजून आरामात चढत-उतरत असतील तर मे महिन्यात, काठ्या घेऊन, सकाळी लवकर सुरुवात करून जमेल. उतरताना गुडघा दुखणाऱ्याने मात्र जाऊ नये, कारण खाली पोचल्यावर बोट बोलावून सुटका करून घेता येत नाही. त्यांच्यासाठी सांता मारिया नावारेसेच्या बंदरातून सकाळच्या बोटीची तिकिटं काढा. ती बोट त्याच कड्यांखालून जाते, काला मारियोलू या दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवते, तिथे त्यांना पोहता येईल. गोलोरित्झेसमोर बोट जरा थांबते. वेळ जुळवून घेतलीत तर तुम्ही किनाऱ्यावर असताना ते समोरून जातील.