पुरात गेलेली चित्रं पुन्हा काढू का?

प्रश्न : मी चाळीसगावचा, शाळेत चित्रकला शिकवायचो. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीला पूर आला तेव्हा खालच्या खोलीतलं कपाट बुडालं. पाटणादेवी, कन्नडचा घाट, आठवडी बाजार, सगळी जलरंगातली चित्रं त्यात होती. थोडे कागद हाती लागले, पण डागाळलेले, रंग उतरलेले. आता काढायला बसलो की जुनं चित्रच डोळ्यांपुढे येतं आणि हात थांबतो. तीच चित्रं पुन्हा काढू का?

उत्तर : दादा, नका काढू. जुन्या चित्राची नक्कल करायला बसलात तर प्रत्येक रेघ त्याच्याशी ताडून बघाल. हात थांबतोय तो त्यामुळेच.

जलरंगात रंगाला कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि तोच पाण्यात विरघळतो. त्यामुळे गेलेला रंग परत येणार नाही. पण वाचलेले कागद मोलाचे आहेत. बुरशी असेल तर तोंडाला मास्क बांधून, अंगणात, मऊ ब्रशने कोरडेच झटका. पाणी अजिबात नको.

१९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये शिरला. चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या लाकडी क्रूसावरचा बराच रंग त्यात गेला. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेलेला भाग अंदाजाने रंगवला नाही. तिथे बारीक रंगरेषा भरल्या. लांबून चित्र सलग वाटतं, जवळ गेलं की काय गेलं ते कळतं. मला हे मनापासून पटतं. तुम्हीही पुसलेलं पुसलेलंच राहू द्या आणि त्याच कागदावर आज दिसतं ते काढा.

रंगही तितूरचाच घ्या. हातमोजे घालून काठचा गाळ आणा, बादलीभर पाण्यात ढवळा. जड वाळू लगेच तळाला बसते; वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर राहू द्या. सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका, खालचा मऊ थर उन्हात वाळवा. मग बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलात घोटा, थेंबभर मध आणि लवंगेचं तेल घाला. आपल्या काळ्या मातीचा करडा-तपकिरी रंग फार देखणा उतरतो. पातळ लावला तर पावसाळी आभाळ होतं, दाट लावला तर घाटाचा कडा.

आणि विषयासाठी लांब जायला नको. तुमच्याच गावात केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून छायाचित्रं काढत राहिले. त्यांचं घर आज कलादालन आहे, एकदा निवांत बघून या. थंडीत बामणोदची भरताची वांगी बाजारात येतील; त्यातली दोन टेबलावर ठेवा आणि डागाळलेल्या एका कागदाच्या कोपऱ्यात, त्या गाळानेच, काढायला घ्या. देठाचे काटे आधी रेखाटा, तिथे हात लवकर मोकळा होतो.