लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणारा आकडा) 1.8 आहे. प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारी प्रथिनं असलेला द्रव भाग) न देता एंडोस्कोपी करणं धोक्याचं नाही का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: आई 68 वर्षांच्या, वजन 55 किलो, जुना सिरॉसिस, काल रात्री मुलुंडला घरी रक्ताची उलटी, आयएनआर 1.8, प्लेटलेट 72 हजार. डॉक्टर प्लाझ्मासाठी थांबायला तयार नाहीत. या आकड्यांवर मला त्यांचं पटतं.

आयएनआर हा आकडा वॉर्फरिन, एसिट्रॉमसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरवण्यासाठी बसवलेला आहे. लिव्हरच्या आजारात तो फसवतो. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं लिव्हरमध्ये तयार होतात, पण गोठणं आवरणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनही तिथेच होतात. सिरॉसिसमध्ये दोन्ही घटतात. आयएनआर ज्यातून काढतात त्या पीटीच्या चाचणीला फक्त पहिली घट दिसते. शिवाय अशी उलटी बहुतेकदा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून होते, आणि त्या फुटतात लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतल्या दाबामुळे.

प्लाझ्माचा नेहमीचा डोस किलोमागे 10 ते 15 मिली. आईंना 550 ते 825 मिली, म्हणजे तीन-चार पिशव्या लागतील. एवढं द्रव शिरेतून गेलं की तोच दाब वाढतो आणि शीर आणखी वाहू शकते. त्या बदल्यात 1.8 चा 1.5 झाला तरी खूप. प्लेटलेट 50 हजारांच्या वर असल्या की बँडिंग (दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेला रबरी कडं बांधणं) सहसा अडत नाही.

मग 1.8 कशाला बघायचा? आजार किती गंभीर आहे ते कळायला. एम्स-65 नावाच्या मोजणीत अल्ब्युमिन 3 पेक्षा कमी, आयएनआर 1.5 पेक्षा जास्त, बोलण्या-वागण्यात गोंधळ, वरचा बीपी 90 किंवा खाली, वय 65 किंवा वर, अशा प्रत्येकाला एक गुण. दोन झाले की जिवाचा धोका जास्त धरतात. आईंचे दोन आत्ताच झालेत. म्हणून आग्रह धरायचाच तर आयसीयूच्या खाटेचा धरा.

फायब्रिनोजेनची (रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन) तपासणी केलीय का ते विचारा. ते बरेचदा राहून जातं. नॉर्मल 200 ते 400. रक्त थांबत नसेल आणि हे 100 च्या खाली असेल तर क्रायोचा (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग) विचार होतो. कावीळ असेल, जेवण बरेच दिवस तुटलं असेल, तर व्हिटॅमिन के 10 मिलिग्रॅम शिरेतून सावकाश देतात. असर दिसायला काही तास जातात.

आता नमुन्याचं. तुमचा रिपोर्ट घरून नेलेल्या रक्ताचा आहे. निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट लागतं, 2.7 मिलीच्या खुणेपर्यंत ट्यूब भरली नसेल तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. हा नमुना बर्फात ठेवायचा नसतो. वॉर्डात परत पाठवताना हेपरिन (गोठणं रोखणारं औषध) दिलेल्या लाइनमधून रक्त काढू देऊ नका, एपीटीटी (गोठण्याची दुसरी चाचणी) बिघडतो.

आणि गुडघ्यासाठी घेतलेल्या पेनकिलर, अ‍ॅस्पिरिन यांचा परिणाम पीटी, एपीटीटी, प्लेटलेटची संख्या यातल्या कशातच दिसत नाही. आई मेडिकलवरून काय घेत होत्या ते डॉक्टरांना तोंडी सांगा.

टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड (पोर्टल शिरेतला दाब उतरवणारी औषधं) आणि अँटिबायोटिक सुरू झालंय ना, एवढं आजच विचारून घ्या. दुर्बीण (एंडोस्कोपी) पहिल्या 12 तासांत घातलेली बरी, त्यामुळे संमतीच्या सहीसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका.