हब-स्पोक नेटवर्कमध्ये डेव्हलपर टीमला जोडणीचे अधिकार नेमके किती द्यावेत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर हब-स्पोक रचना आहे, म्हणजे मध्ये एक सामायिक नेटवर्क (हब) आणि त्याला जोडलेली बाकीची नेटवर्क (स्पोक). हबमधला व्हीपीएन गेटवे (बाहेरून येणाऱ्या एन्क्रिप्टेड जोडणीचं दार) आणि एक्सप्रेसरूट (कंपनीपासून अझूरपर्यंतची खासगी लाइन) तुमची नेटवर्क टीम सांभाळते. डेव्हलपर मंडळी आपल्या सबस्क्रिप्शनमधलं (अझूरमधल्या खात्यातलं) व्हीनेट, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क, हबला जोडायला गेली की 'लिंक्ड ऑथरायझेशन फेल्ड' अशी एरर येते. रोजच्या तिकिटांना कंटाळून मॅनेजर विचारताहेत, सगळ्यांना हबच्या सबस्क्रिप्शनवर 'नेटवर्क काँट्रिब्युटर' हा रोल (अधिकारांचा तयार संच) देऊन टाकला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. ते देऊ नका, आणि त्याची गरजही नाही.

आधी ती एरर पूर्ण वाचा. तिकिटात सहसा तिची पहिलीच ओळ चिकटवलेली असते. पुढे लिहिलेलं असतं की या व्यक्तीला स्वतःच्या व्हीनेटवर पीअरिंग (दोन व्हीनेटमधली जोडणी) लिहिण्याची परवानगी आहे, पण जोडलेल्या दुसऱ्या स्कोपवर (अधिकार जिथे लागू होतो त्या जागेवर, इथे हबवर) 'पीअर/अ‍ॅक्शन' ही परवानगी नाही. म्हणजे काय कमी पडतंय ते अझूर स्वतःच सांगतंय, आणि कमी पडतेय ती एकच परवानगी. कोणत्याही जोडणीला दोन टोकं असतात. डेव्हलपरचा हक्क त्याच्या टोकावर आहे, तुमच्या टोकावर त्याला काहीच नाही, म्हणून गाडी अडते.

पाटाच्या पाण्यावरची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आपल्या पाळीला आपल्या शेतात दारं धरायचा हक्क शेतकऱ्याचा. कालव्याचं गेट फिरवायची चावी मात्र पाटकऱ्याकडेच. पाणी मिळत नाही अशी तक्रार आली म्हणून कोणी गावभर त्या गेटच्या चाव्या वाटत नाही.

नेटवर्क काँट्रिब्युटर म्हणजे ती चावी आहे. या रोलमध्ये 'मायक्रोसॉफ्ट.नेटवर्क' या प्रोव्हायडरखालच्या सगळ्या क्रिया येतात. गेटवे, कनेक्शन, राउट टेबल हे तर आलंच, शिवाय अझूर फायरवॉल, सुरक्षा गट, पब्लिक आयपी आणि डीएनएस झोनसुद्धा (नावावरून पत्ता शोधायच्या नोंदी). डीएनएसचं भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, कारण रोलच्या नावावरून ते सुचत नाही. जोडणीसाठी दिलेल्या रोलमधून कोणी प्रायव्हेट डीएनएस झोनमधली एक नोंद उडवली, तर त्या नावावर अवलंबून असलेलं सगळं बंद पडेल आणि तुम्ही मात्र रात्रभर गेटवे तपासत बसाल.

हे मी अनुभवावरून सांगतोय. पूर्वी मी जिथे होतो तिथे एका कंत्राटी सहकाऱ्याला अख्ख्या सबस्क्रिप्शनवर काँट्रिब्युटर दिलेला होता. खर्च कमी करायचा म्हणून त्याला न वापरलेल्या गोष्टी काढायला सांगितलं होतं. ज्या कनेक्शनचं नाव त्याच्या ओळखीचं नव्हतं ते त्याने काढलं. तो कारखान्याकडे जाणारा व्हीपीएनचा बोगदा होता. रात्रपाळीची डिस्पॅचची नोंद थांबली. कनेक्शन पुन्हा बनवायला दोन मिनिटं पुरतात, पण शेअर्ड की (दोन्ही टोकांना टाकायचा सामायिक पासवर्ड) कोणाकडेच नव्हती. ज्याने ती ठेवली होती तो नोकरी सोडून गेला होता, आणि कारखान्याकडच्या फायरवॉलचा पासवर्ड तिसऱ्याच व्हेंडरकडे. पहाटे बोगदा वर आला. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सगळे त्या मुलावर तुटून पडले, ते मला आजही खटकतं. त्याला सांगितलेलं काम त्याने दिलेल्या अधिकारात केलं होतं. अधिकार आम्ही दिले होते. त्यातही नशीब की गेटवे शाबूत होता. नवा व्हीपीएन गेटवे उभा राहायला ४५ मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात.

आता तुमच्यासाठी उपाय. एक कस्टम रोल (आपणच क्रिया निवडून बनवलेला) बनवा, त्यात दोनच क्रिया: व्हीनेट वाचणे आणि व्हीनेटवरची 'पीअर/अ‍ॅक्शन'. हा रोल सबस्क्रिप्शनवर किंवा रिसोर्स ग्रुपवर न देता फक्त हबच्या व्हीनेटवर द्या. डेव्हलपरकडे स्वतःच्या व्हीनेटवर पीअरिंग लिहिण्याचा हक्क आहेच. वाचण्याची परवानगी यासाठी की पोर्टलच्या यादीत त्याला हब दिसावं. ती द्यायची नसेल तर त्याला हबचा रिसोर्स आयडी पाठवा, पोर्टलमध्ये तो थेट टाकता येतो.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की पीअरिंग दोन्ही बाजूंनी बनवावं लागतं. डेव्हलपरने त्याची बाजू बनवली की स्थिती 'इनिशिएटेड' दिसते, रहदारी सुरू होत नाही. तुमच्या टीमने हबकडून उलटं पीअरिंग बनवलं की मगच ती 'कनेक्टेड' होते. म्हणजे मंजुरीची पायरी अझूरने आधीच देऊन ठेवली आहे. त्या पायरीवर तुम्ही अ‍ॅड्रेस रेंज तपासा आणि आपल्या बाजूला गेटवे ट्रान्झिट (स्पोकला हबचा गेटवे वापरू देणारी सेटिंग) चालू करा. डेव्हलपरने त्याच्या बाजूला 'रिमोट गेटवे वापरा' हे निवडल्याशिवाय त्याला ऑनप्रेमकडचे (कंपनीच्या स्वतःच्या जागेतल्या नेटवर्ककडचे) राउट मिळणार नाहीत. निम्म्या तिकिटांचं मूळ इथे निघेल असा माझा अंदाज आहे.

एक्सप्रेसरूट सर्किटचं, म्हणजे त्या खासगी लाइनचं, गणित वेगळं आहे. दुसऱ्या सबस्क्रिप्शनमधल्या टीमचा स्वतःचा गेटवे असेल आणि तिला तुमच्या सर्किटला जोडायचं असेल, तर तिला सर्किटवर कोणताही रोल लागत नाही. सर्किटचा मालक एक ऑथरायझेशन बनवतो आणि तिला सर्किटचा आयडी व ऑथरायझेशन की देतो. एका ऑथरायझेशनवर एकच कनेक्शन होतं. ते मागे घेतलं की त्यावरची जोडणीही तुटते, म्हणून ऑथरायझेशनला टीमचं नाव द्या, नाहीतर वर्षभराने कोणतं कोणाचं ते कळत नाही.

हब वेगळ्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे हे तुमचं भाग्य, ते तसंच ठेवा. अझूरमध्ये अधिकार वरून खाली झिरपतात: मॅनेजमेंट ग्रुप (अनेक सबस्क्रिप्शनचा गट), सबस्क्रिप्शन, रिसोर्स ग्रुप, रिसोर्स. वर दिलेला काँट्रिब्युटर खाली कापता येत नाही. इथे एक गैरसमज फार पाहिलाय. कस्टम रोलमधल्या 'नॉटअ‍ॅक्शन्स'मध्ये एखादी क्रिया टाकली की ती त्या माणसाला बंद झाली, असं लोक धरून चालतात. तसं नाही. ती फक्त त्या रोलमधून वजा होते. दुसऱ्या रोलमधून तीच क्रिया मिळत असेल तर ती मिळतेच, कारण सगळ्या रोलची बेरीज होते. म्हणून आधी मॅनेजमेंट ग्रुपच्या पातळीवर कोणाकोणाला काय दिलंय ते बघा, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया जाईल.

'वाचण्याचाच तर अधिकार आहे' यावरही विसंबू नका. २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की फक्त वाचण्याचे अधिकार असलेल्या खात्यालाही व्हीपीएन कनेक्शनची शेअर्ड की मिळू शकत होती. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर त्यासाठी वेगळी परवानगी लागू केली. त्याच वेळी हेही समोर आलं की लॉग अ‍ॅनालिटिक्स रीडर, मॉनिटरिंग रीडर अशा साध्या नावांच्या रोलमध्ये सगळंच वाचण्याची मुभा भरलेली असते. तुमच्याकडे मॉनिटरिंगसाठी बाहेरच्या कोणाला असा रोल दिला असेल तर तो कोणत्या स्कोपवर आहे हे आजच बघा.

रोल ग्रुपला द्या, माणसाला देऊ नका. १९९२ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी रोलवर आधारित अधिकारांची ही पद्धत मांडली तेव्हाही गाभा हाच होता: हक्क कामाला जोडायचा, माणसं येत-जात राहतात. तुमच्या स्वतःच्या टीमलाही गेटवेवर कायमचा लिहिण्याचा हक्क नको. पिम (ठरावीक वेळेपुरता अधिकार देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) असेल तर गरजेपुरते काही तास घ्या. आणि गेटवे, कनेक्शन व सर्किटवर 'काढता येणार नाही' असं लॉक लावा. नेटवर्क काँट्रिब्युटरला ते लॉक काढता येत नाही, त्यासाठी ओनर किंवा यूझर अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतो. हे लॉक बदल मात्र रोखत नाही, फक्त काढणं रोखतं.

टेराफॉर्मची (कोड लिहून क्लाउडमधली रचना उभारायच्या साधनाची) पाइपलाइन ज्या सर्व्हिस प्रिन्सिपलवर, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या खात्यावर, चालते, त्याचे अधिकारही तपासा. माणसांचे अधिकार कापून त्याला ओनर ठेवलं, तर रिपॉझिटरीत मर्ज करू शकणारा प्रत्येक जण ओनर झाला.

एक वेगळी गोष्ट, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही 'व्हीपीएनमधून कोण आत येऊ शकतं' असंही विचारलंय. या रोलचा त्याच्याशी संबंध नाही. रोल ठरवतात की जोडणी कोण बनवेल, बदलेल, काढेल. त्यातून कोणता पॅकेट जाईल हे सुरक्षा गट आणि फायरवॉल ठरवतात, आणि लॅपटॉपवरून पॉइंट-टू-साइटने कोण लॉगिन करेल हे एंट्रा आयडीतल्या (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेतल्या) अ‍ॅप्लिकेशनवर कोणाला नेमलंय त्यावर ठरतं. तिथे नेमणूक बंधनकारक केलेली नसेल तर तुमच्या टेनंटमधला (कंपनीच्या एंट्रा आयडीतला) कोणीही आत येऊ शकतो.

रोल दिल्यावर लगेच एरर पुन्हा आली तर घाबरून मोठा रोल देऊ नका. बदल लागू व्हायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात. साइन आउट करून परत या. तरीही अडलं तर एररमधला 'लिंक्ड स्कोप' शब्दशः कॉपी करून हबच्या आयडीशी ताडून बघा. दोनदा मला असं आढळलंय की डेव्हलपर जुन्या, बंद करायच्या हबला जोडायला बघत होता.